तुम्ही विचारलंत म्हणून: बायबल एकच ना, मग एवढे मतभेद का?

हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच देऊन टाकतो, की काही ख्रिस्ती शब्दशः घेतात, काही नाही घेत. मला ते पटत नाही. शब्दशः सगळेच घेतात हो, फक्त जागा वेगवेगळ्या!

आता "एकच" म्हणाल तर प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आणि कॅथलिक बायबलात ७३. पण ते सोडा, जी पुस्तकं दोघांकडे आहेत त्यांच्यावरूनच भरपूर वाद आहेत.

शेवटच्या भोजनाचंच घ्या. येशू भाकर मोडून म्हणतो, "हे माझे शरीर आहे". आता जी मंडळी सृष्टी चोवीस तासांच्या सहा दिवसांतच झाली म्हणून हटून बसतात त्यांतलेच बरेच जण इथं आले की म्हणतात, अहो ते प्रतीक आहे. आणि उत्पत्तीचा (बायबलातलं पहिलं पुस्तक, सृष्टीची कथा तिथलीच) पहिला अध्याय मोकळेपणाने वाचणारे कॅथलिक मात्र इथं एक अक्षर सोडायला तयार नाहीत. बरं, हे कॅथलिक-प्रोटेस्टंट असंच भांडण आहे असंही नाही. १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट पुढारी चर्चेला बसले, दोघंही पोपच्या विरोधात, दोघांचंही म्हणणं शास्त्र, म्हणजे बायबलच प्रमाण, १५ पैकी १४ मुद्द्यांवर एकमत झालं आणि शेवटच्यात गाडी अडली ती याच वाक्यातल्या "आहे" वर. लूथरने म्हणे ते वाक्य टेबलावर खडूने लिहूनच ठेवलं होतं.

त्याच रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांचे धुवा म्हणून स्पष्ट सांगितलं (योहान १३). अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक प्रभुभोजनाआधी (त्या भोजनाच्या आठवणीत भाकर घेण्याचा विधी) खरंच धुतात. बाकी बरेच जण म्हणतात, त्याचा अर्थ नम्रता, विधी कशाला. ठीक आहे. पण मग साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाचे लोक हेच लॉजिक भाकरीला आणि बाप्तिस्म्यालाही (पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी) लावतात, दोन्ही विधी करतच नाहीत, तर आपल्याला ते विचित्र का वाटतं?

माझं स्वतःचं सांगतो. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. पुढे एका मित्राच्या मंडळीत (चर्चमध्ये) कळलं की तान्हेपणीचा बाप्तिस्मा तिथं धरतच नाहीत, आधी विश्वास मग बाप्तिस्मा, मार्क १६ काढून दाखवला. आमच्या पाळकसाहेबांनी प्रेषितांची कृत्ये १६ काढली, तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा झाला. त्या घरात तान्हं मूल होतं का? लिहिलेलं नाही. म्हणजे दोघंही थोडे न लिहिलेल्यावरच उभे. याच वादावरून १५२७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिचने, आधी विश्वास मग बाप्तिस्मा म्हणणाऱ्या फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारलं, आणि ते शहर कोणाचं, तर शास्त्रच प्रमाण म्हणणाऱ्या त्याच झ्विंग्लीचं.

म्हणून कोणी "मी फक्त लिहिलंय तेवढंच मानतो" म्हणालं की मी पाय कधी धुतले होते ते विचारतो. चिडतात लोक. मीही धुतलेले नाहीत, हे त्यांना सांगत नाही.

त्या मित्राच्या मंडळीत अजून जातो कधीमधी. दुसरा बाप्तिस्मा घेतलेला नाही, त्यामुळे प्रभुभोजनाचं ताट आलं की न घेता पुढच्याकडे सरकवतो.