पाठ होतं सगळं, तरी पाळी बंद

लातूरला गायनॅकची ओपीडी चालवायची म्हणजे नीटवाल्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली येणारच, पण त्या दिवशी आलेली, परीक्षा पुन्हा देणारी रिपीटर पोरगी डोक्यातून जातच नाही. पाच महिने पाळी नाही. आई गावाकडून पहाटेच्या एसटीने आलेली, पोरीला बाहेर बसवून मला हळूच म्हणते, मॅडम, काही वेडंवाकडं तर नसेल ना. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह, सोनोग्राफी नॉर्मल, थायरॉइड, प्रोलॅक्टिन ठीक. एलएच आणि इस्ट्रोजेन ही पाळी चालवणारी हार्मोन्स मात्र पार खाली. वजन सहा किलो उतरलेलं, नखं कुरतडून कुरतडून बोटं लाल झालेली.

मी म्हटलं, बाळा, जेवतेस काय? तर रात्रीचं मेसला जातच नाही, लाइनमध्ये वेळ जातो म्हणे, चहा-बिस्किटावर दोन वाजेपर्यंत वाचते आणि सहाला उठते. करमणूक काय करतेस विचारलं तर म्हणाली, टेस्टमधल्या चुका बघते. खरंच सांगते, पोटात कालवलं.

मग केसपेपरच्या मागे मी मेंदू काढला, त्यात हार्मोन्सचा ताबा ठेवणारा भाग, हायपोथॅलॅमस, लिहिलं, तर तिने पेन घेतलं आणि पुढचं सगळं स्वतःच काढलं, तिथून सुटणारं जीएनआरएच हार्मोन, त्याने जागी होणारी पिट्युटरी ग्रंथी, तिची एलएच, एफएसएच ही हार्मोन्स आणि शेवटी ओव्हरी, एकही बाण चुकला नाही. मी फक्त बाजूने किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी जोडल्या. ताण आला की मेंदूतून सीआरएच सुटतं, त्याने पिट्युटरीतून एसीटीएच, त्याने अ‍ॅड्रिनलमधून कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन, आणि ते महिनोनमहिने चढंच राहिलं, त्यात पोटात अन्न नाही, झोप नाही, की मेंदू जीएनआरएचचे ठोकेच मंद करतो, अंडं तयार होत नाही, पाळी थांबते. ती बघतच राहिली. म्हणाली, मॅम, हे माझ्यात होतंय?

आईला मी स्पष्ट सांगितलं, ताई, पोरगी नाटक करत नाहीये आणि तिचं काही वाकडंही नाहीये, पण हे अंगावर काढू नका, याच वयात हाडं भरतात आणि इस्ट्रोजेन कमी राहिलं तर ती कच्ची राहतात. नुसती पाळी आणायची गोळी देऊन भागत नाही, मूळ तसंच राहतं.

तिला लिहून दिलं ते औषधासारखंच: मेसचं दोन्ही वेळचं जेवण, साडेदहाला पुस्तक बंद, सात तास झोप, कारण रात्री कॉर्टिसॉल उतरायला हवं आणि जागरणाने तेच बिघडतं. संध्याकाळी अर्धा तास मोबाईल न घेता मैत्रिणीबरोबर चालायचं. टेस्टच्या आधी छाती धडधडली तर चार मोजत श्वास आत, आठ मोजत बाहेर, सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके उतरतात. शाळेत खो-खो खेळायची म्हणाली, म्हटलं रविवारी खेळ की मग, कोण अडवतंय. आई लगेच, अभ्यासाचं कसं? मी म्हटलं, झोपेतच पाठांतर पक्कं होतं ताई, तिला झोपू द्या.

तिसऱ्या महिन्यात पाळी आली. आता तिच्याच होस्टेलच्या मुली येतात, कुणी केस गळतात म्हणून, कुणी पाळी चुकली म्हणून. तीन महिने पाळी आली नाही तर दाखवायला या पोरींनो, मेडिकलवरून मनाने गोळ्या घेऊ नका.