दुभाष्याची परीक्षा आणि कॉनराड वायझरचं घर

मी अमेरिकेत, पेनसिल्वेनियात रेडिंगजवळ राहते. कोर्टात मराठीची दुभाषी व्हायचं ठरवलं त्याला कारण आमच्या ओळखीच्या एक आजी. त्यांच्यासोबत एकदा सुनावणीला गेले होते, फोनवर दुभाषी मिळाला तो हिंदीचा, आणि आजी प्रत्येक प्रश्नाला नुसत्या हो हो म्हणत होत्या, मला ते बघवेना.

तर आधी ओरिएंटेशन, मग लेखी पेपर, 135 प्रश्न आणि पास व्हायला 80 टक्के. पहिल्या वेळी थोडक्यात नापास झाले. कोर्टाचे शब्द पाठ होते, पण आचारसंहितेत घोटाळा झाला. समोरच्याला प्रश्न कळला नाहीये हे दिसतंय तर दुभाष्याने काय करावं, अशा धर्तीचं काही आलं की माझा हात आपोआप "समजावून सांगावं" याकडेच जायचा. नियम असा की आपण समजावायचं नाही, जज्जना सांगायचं. मला ते फार कोरडं वाटायचं.

दुसऱ्या वेळेची तयारी चालू असताना एका रविवारी वॉमल्सडॉर्फला गेलो, 422 नंबरच्या रस्त्यावर, तिथे अठराव्या शतकातला दुभाषी कॉनराड वायझर याची जागा जपून ठेवलीये. मोठी झाडं, हिरवळ, छोटं दगडी घर, शिकेलामी या मूळनिवासी नेत्याचा पुतळा, आणि थोडं चढून गेलं की वायझरची कबर.

वायझर मूळचा जर्मनीतला, 1696 चा जन्म. 16 वर्षांचा असताना वडिलांनी त्याला मोहॉक या मूळनिवासी लोकांत राहायला पाठवलं, एक अख्खा हिवाळा थंडी नि उपासमार सोसत तो ती भाषा शिकला. 1729 मध्ये बायकोमुलांना घेऊन इथे टल्पेहॉकन खोऱ्यात आला आणि पुढची जवळपास तीस वर्षं पेनसिल्वेनियाचं सरकार आणि इरोक्वॉय राष्ट्रांमध्ये (मोहॉक आणि इतर मूळनिवासी राष्ट्रांचा संघ) बोलणी करत राहिला. 1744 ला लँकॅस्टरला मोठा करार झाला तेव्हाही मध्ये हाच. तिथे नुसते शब्द फिरवून चालत नव्हतं, प्रत्येक मुद्द्याबरोबर वॅम्पमचा, म्हणजे शिंपल्यांच्या मण्यांचा, पट्टा द्यायचा, उत्तर घाईने द्यायचं नाही, आणि या सगळ्या रीती गव्हर्नरला वायझरच सांगायचा. म्हणजे मी पेपरात जे करून नापास झाले तेच हा आयुष्यभर करत होता!

आणि शिकेलामी, इरोक्वॉयांचा या भागातला प्रतिनिधी. 1737 च्या हिवाळ्यात दोघं इरोक्वॉयांच्या मुख्य ठिकाणी, ओनोन्डागाला निघाले होते, बर्फ, पोटात काही नाही, आणि वायझर थकून वाट सोडून मरायच्या तयारीने एका झाडाखाली बसला. शिकेलामी मागे फिरला आणि त्याला समजावून उठवलं. मी पुतळ्यासमोर बराच वेळ उभी होते, हा माणूस फिरला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

पण घरी येऊन अजून वाचलं तेव्हा पोटात कालवलं. 1742 ला फिलाडेल्फियात कॅनासाटेगो या इरोक्वॉय नेत्याने लेनापे या दुसऱ्या मूळनिवासी लोकांना भर सभेत झाडलं, तुम्ही बायका आहात, जमीन विकायचा तुम्हाला हक्कच नाही, इथून निघा. ती जमीन 1737 च्या वॉकिंग पर्चेस नावाच्या व्यवहारात लेनापेंकडून आधीच फसवून घेतलेली होती. आणि ते भाषण इंग्रजीत सांगणारा होता वायझर, सरकारच्या पगारावरचा, आणि इरोक्वॉयांशी जमवून घ्यायचं धोरण ठरवण्यात त्याचाच मोठा हात. त्याने इरोक्वॉयांशी शांतता टिकवली हे खरंच आहे आणि मला त्याचा आदर आहे, पण तिची किंमत लेनापेंनी मोजली. 1755 ला तेच लेनापे याच सरहद्दीवर चालून आले आणि वायझरला हातात बंदूक घेऊन मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांची फौज, उभी करावी लागली.

तेव्हा मला तो नियम कळला. मधला माणूस सल्लाही द्यायला लागला की तो कुणाचा तरी होतो, आणि जो त्याचा नाही त्याला ते कळतही नाही. आजींना मी समजावलं असतं तर ते माझं झालं असतं, त्यांचं नाही.

दुसऱ्या वेळी पास झाले. मग फोनवर मराठीची मुलाखत, तीही झाली. पहिल्या कामाच्या आदल्या संध्याकाळी परत वॉमल्सडॉर्फला गेले. अंधार पडत आलेला, कबरीवरून खाली आले आणि शिकेलामीच्या पुतळ्याजवळ थांबून उद्याची शपथ दोन्ही भाषांत मोठ्याने म्हणून बघितली.