आंब

लहानपणी माझी ठाम समजूत होती, की क्रुसावर येशूला आमरस दिला होता. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, एकोणिसाव्या अध्यायात येशू म्हणतो, "मला तहान लागली आहे," आणि मग शिपाई आंबेत बुडवलेला स्पंज त्याच्या तोंडाला लावतात. आंब म्हणजे आंबट झालेला द्राक्षारस, हे मला कोण सांगणार? उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, येतो मार्च-एप्रिलात, जालन्याच्या बाजारात तेव्हा आंबा नुकता दिसायला लागलेला. मरताना का होईना, बिचाऱ्याला आंबा मिळाला, एवढंच समाधान.

आमचं मूळ घर बेथेलचं. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ वसवलेली ती ख्रिस्ती वस्ती. त्यामुळे आमच्या घरात विश्वास हा निवडायचा विषय नव्हता. रेशन कार्डावर नाव असतं तसा तो होता.

उत्तम शुक्रवारी देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) बारा ते तीन उपासना. क्रुसावरचे सात उद्गार, त्यावर बोलणारे सात जण, आणि प्रत्येकाला आपला उद्गार सगळ्यात महत्त्वाचा वाटणार. वर पत्रे तापलेले, पंखे गरम वारा फिरवणारे. तिसऱ्या उद्गाराला अर्ध्या मंडळीच्या माना खाली. ते ध्यान नव्हे, हे पाळकसाहेबांनाही ठाऊक असायचं. पाचवा, तहानेचा उद्गार मी कधीच जागेपणी ऐकला नाही.

जाग यायची रात्री. देवळाच्या पटांगणात दोन चादरी जोडून पडदा लागायचा आणि 'दयासागर' दाखवायचे. मूळ सिनेमा तेलुगू, १९७८ चा 'करुणामयुडू'. विजयचंदर नावाचा नट त्यात येशू झाला होता. ओठ तेलुगूत हलत, आवाज हिंदीत येई, आणि आजी शेजारणीला ते सगळं मराठीत सांगत बसे. चादरींच्या जोडावरची शिवण नेमकी पडद्याच्या मधोमध. येशू डावीकडून उजवीकडे गेला, की क्षणभर त्याचे दोन तुकडे होत.

आख्खी गल्ली यायची. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, शेंगदाणेवाला. आजीला शुभवर्तमान तोंडपाठ, तरी येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदाराचा, पिलाताचा प्रसंग आला की ती सरसावून बसायची. "औंदा तरी सोडतंय का बघू." दरवर्षी. पिलातानं हात धुतले की, "मेल्याचं काय जात होतं!" आणि पदर डोळ्याला. मी एकदा म्हटलं, "आजी, तुला माहीत हाय ना शेवट?" तर म्हणाली, "माहीत हाय म्हणून काय रडूच नाही का बाप्पा?"

पुढे वाचनात आलं, की दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि डोळ्यांपुढून येशू सरकत असताना त्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहत होते. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्या बैठकीतून निघाला. म्हणजे पडद्यावरचा येशू पाहून कुणाला काय सुचेल, याचा नेम नाही. मला सतराव्या वर्षी त्याच पडद्यावर केसांचा टोप दिसला. मग रक्ताचा रंग रंगच दिसायला लागला. त्यानंतर मी पटांगणात गेलो नाही, आणि हळूहळू देवळातही. नोकरी लागली, संभाजीनगरात फ्लॅट घेतला. नाताळला तेवढं जायचं. त्यातही निम्मा वेळ गाडी लावायला जागा शोधण्यात.

दोन वर्षांपूर्वी असाच उन्हाळा. सोसायटीची बोअर आटलेली, टँकर सकाळी यायचा तो रात्री अकरापर्यंत नाही. माझी पाळी म्हणून जागा होतो. मोबाइलवर काहीबाही बघताना तोच सिनेमा समोर आला. सवयीनं दीडपट वेग लावला, तर येशू क्रूस घेऊन गाडी चुकेल अशा घाईनं चाललेला. लाज वाटली, वेग कमी केला. टोप अजून दिसत होता. पण आजीचा "औंदा तरी" पण ऐकू यायला लागला.

क्रुसाचा प्रसंग आला आणि खाली हॉर्न वाजला. टँकर. नळी हौदात सोडून ड्रायव्हर पायरीवर बसला. साठीचा माणूस, ओठ पांढरे पडलेले. म्हणाला, "साहेब, प्यायचं पाणी हाय का थोडं? ह्यातलं पिता येत नाही."

दहा हजार लिटरच्या शेजारी बसून.

मी जारमधून तांब्या भरून आणला. त्यानं वरून धार धरून तो एका दमात संपवला, मिशी पुसली, "अजून एक" म्हणाला. आम्ही काही बोललो नाही. तो गेला, हौद भरला, मी वर येऊन झोपायच्या ऐवजी आजीचं पवित्र शास्त्र शोधत बसलो. ते माळ्यावर, नाताळच्या चांदणीखाली सापडलं.

लूकाच्या शुभवर्तमानात शिपाई थट्टा करत आंब पुढे करतात. योहानात थट्टेचा शब्दही नाही. तहान लागली म्हणाला, शेजारी भांडं होतं, दिली. ती आंब बहुधा शिपायांचीच. पाण्यात आंबट द्राक्षारस मिसळून पिणं ही रोमन सैन्याची रोजची गोष्ट. म्हणजे पहाऱ्यावरच्या कुणीतरी स्वतःच्या पिण्यातलं दिलं असेल. इतकी वर्षं मी त्या माणसाला उगाच दुष्टांत धरलं होतं. आमरस नव्हता, पण माझी पोरवयाची समजूत अगदीच चुकीची नव्हती, असंही वाटून गेलं.

यंदा उत्तम शुक्रवारी जालन्याला गेलो. पत्रे तेच, पंखे तेच. मागच्या बाकावर पाण्याची बाटली घेऊन बसलो. पाचवा उद्गार पूर्ण ऐकला. बोलणारे काका तहानेवरून थेट टँकरवर आणि टँकरवरून नगरसेवकावर गेले, तरी ऐकला.

सहाव्याला डोळा लागला.