आईचे गुडघे, सुट्टे पैसे आणि कोलकाता

नागपूरहून कोलकात्याला जायचं ठरलं तेव्हा ओळखीतल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: गाडी ठरवा, आईंना बसमध्ये कोंबू नका. आईने सत्तरी ओलांडली आहे आणि दोन्ही गुडघे कुरकुरतात, त्यामुळे सल्ल्यात खोट काही नव्हती. पण आईलाच ते नको होतं. "काचेतूनच बघायचं तर घरचा टीव्ही काय वाईट आहे?" म्हणाली. मग टॅक्सी फक्त अडीअडचणीला, असं ठरवून निघालो.

गीतांजली एक्सप्रेस दुपारी हावड्याला पोचते. बाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा पडायच्या आत मेट्रोच्या पाट्या धरून चालायला लागायचं. हावडा मेट्रो स्टेशन जमिनीखाली तीस मीटरहून खोल आहे, म्हणजे एका सरकत्या जिन्याने भागत नाही, एकामागून एक उतरत राहावं लागतं. गुडघेवाल्यांनी आधी लिफ्ट विचारून घ्यावी. सामान तपासणाऱ्या पोलिसाने आईकडे एकदा बघितलं आणि न विचारताच लिफ्टकडे हात दाखवला.

ही हिरवी लाइन हुगळी नदीच्या खालून जाते. 2024 च्या मार्चमध्ये हा तुकडा सुरू झाला आणि 2025 च्या ऑगस्टपासून हावडा मैदान ते सॉल्ट लेक सेक्टर फाइव्ह अशी पूर्ण लाइन सलग झाली. त्यामुळे हावडा आणि सियालदह ही दोन मोठी स्टेशनं आता दहा-बारा मिनिटांवर आली आहेत. ज्यांना एकीकडे उतरून दुसरीकडून गाडी पकडायची असते, त्यांनाच याची किंमत कळेल. नदीखालचा बोगदा साधारण अर्ध्या किलोमीटरचा. तेवढ्या भागात भिंतींवर निळे दिवे लावलेत, तेवढीच नदीची खूण. पाऊण मिनिटात संपलंसुद्धा. "गंगा झाली?" आईने विचारलं. शेजारच्या बाई हसल्या, "होये गेछे, माशिमा." आई तेव्हापासून अख्ख्या कोलकात्याची मावशी झाली.

आम्ही राहणार होतो कालीघाटजवळ. त्यासाठी एस्प्लनेडला निळ्या लाइनवर बदली करायची. बरंच चालायला लागतं, पण पाट्या इंग्रजी-हिंदीतही आहेत. गंमत म्हणजे एस्प्लनेड ते नेताजी भवन हा तुकडा देशातल्या मेट्रोचा सगळ्यात पहिला, 24 ऑक्टोबर 1984 चा. म्हणजे हावड्याहून कालीघाटला जाताना नदीखालचं नवंकोरं बांधकाम आणि सगळ्यात जुनी मेट्रो, दोन्ही एकाच प्रवासात होतात. जुन्या स्टेशनांवर छत ठेंगणं, खांब जाडजूड. ही मेट्रो रेल्वे खातंच चालवतं, आणि ते स्टेशनात शिरल्या शिरल्या जाणवतं. मला तरी ते आवडलं.

स्मार्ट कार्ड पहिल्याच दिवशी करून टाका, दोन्ही लाइनवर चालतं. दिशा लक्षात ठेवायची ती शेवटच्या स्टेशनावरून: उत्तरेला दक्षिणेश्वर. (हो, दक्षिणेश्वर उत्तरेला आहे. पहिला दिवस आमचा यातच डोकं खाजवण्यात गेला.) आणि बऱ्याच स्टेशनांना थोरामोठ्यांची नावं आहेत, पण लोकांच्या तोंडी जागेचं जुनं नावच असतं. पाटीवर महानायक उत्तम कुमार असेल, माणूस सांगेल टॉलीगंज. एस्प्लनेडला बसवाले धर्मतला म्हणून ओरडतात. दोन्ही नावं लिहून ठेवली की काम सोपं होतं. रविवारी सकाळी मेट्रो नऊच्या सुमारास सुरू होते, तेही ध्यानात असू द्या.

मेट्रोच्या पुढचं शहर मात्र ऑटोचं आहे. आणि इथे ऑटो म्हणजे आपली रिक्षा नव्हे, की बसलो, पत्ता सांगितला आणि निघालो. प्रत्येक ऑटोचा रूट ठरलेला. चौकात तिची रांग ठरलेली, मागे तीन आणि ड्रायव्हरशेजारी एक अशी चार माणसं भरली की ती सुटते. रूट सोडून ती वळत नाही, तुम्ही कितीही पैसे देऊ केलेत तरी बहुतेक ड्रायव्हर मान हलवून मोकळे होतात. त्यामुळे पानवाल्याला "अमक्या ठिकाणी कसं जायचं" विचारलं तर तो नुसता विचारात पडतो. "गरियाहाटची ऑटोची लाइन कुठली?" विचारलं की लगेच बोट दाखवतो, रस्त्याच्या पलीकडे, औषधांच्या दुकानापुढे. रासबिहारीच्या चौकातून, म्हणजे कालीघाट मेट्रोच्या डोक्यावरूनच, आम्ही रोज ती पकडायचो. आईला मागच्या सीटवर डावीकडची कड दिली की पाय जरा मोकळा राहतो. मधे बसवलं तर दोन्हीकडून चेपून गुडघे आवळले जातात, आणि उतरताना दहा मिनिटं कण्हणं.

पैसे उतरल्यावर द्यायचे आणि सुट्टे द्यायचे. ही अट आहे म्हणा ना. पन्नासची नोट पुढे केली की "खुचरो दिन" आलंच. सकाळी चहाच्या टपरीवर भांडातला, म्हणजे मातीच्या पेल्यातला, चहा घेऊन नोट मोडायची, हा आमचा नेमच झाला. चहाही उत्तम, मातीचा वास लागलेला.

खासगी बसबद्दल थोडक्यात सांगते, कारण आईला घेऊन आम्ही ती गर्दीच्या वेळी टाळलीच. ड्रायव्हर-कंडक्टरची कमाई तिकीटविक्रीच्या हिश्शावर, त्यामुळे थांब्यावर बस रेंगाळत राहते आणि मागून त्याच रूटची दुसरी दिसली की उधळते. पाट्या बहुतेक बंगालीत. पण कंडक्टर दारात लोंबकळत सगळे थांबे ओरडून सांगत असतो आणि पत्र्यावर थापा मारून ड्रायव्हरला इशारा देतो. लांबीत दुमडलेल्या नोटा बोटांच्या बेचक्यात, तिकिटांची चळत तळहातात, आणि त्याच हाताने त्याने आईला दंडाला धरून वर घेतलं. उतरताना तर "आस्ते, लेडीज!" अशी आरोळी ठोकली, आणि आईचे दोन्ही पाय जमिनीवर टेकेपर्यंत बस जागची हलली नाही.

सगळ्यात छान दिवस गेला तो दक्षिणेश्वरचा. कालीघाटहून एकच मेट्रो शेवटपर्यंत जाते, हा टोकाचा भाग 2021 मध्ये जोडला गेला. स्टेशनहून देवळापर्यंत स्कायवॉक आहे. देवळाच्या घाटावरून बेलूर मठाला होडी. बेलूर मठ दुपारी बंद असतो, म्हणून एकतर सकाळी लवकर निघा, नाहीतर दुपार कलल्यावर पोचाल असं बघा. तिथून बसने हावडा, आणि हावड्याहून लाँचने बाबूघाट. लाँचचं तिकीट इतकं किरकोळ की आईने पुन्हा विचारून खात्री केली.

आता जेट्टीबद्दल. हुगळीला भरती-ओहोटी असते. लाँच लागते तो तराफा पाण्याबरोबर वर-खाली होतो आणि काठावरून त्याच्यापर्यंत जाणारा लोखंडी उतार त्याच्याबरोबर कलतो. भरतीला तो जवळजवळ सपाट, ओहोटीला चांगलाच तिरपा. आम्ही पोचलो ती नेमकी ओहोटी. आई कठड्याला धरून आडवी-आडवी उतरली. मागे ऑफिसवाल्यांची झुंबड, तरी कुणी ढकललं नाही. वर बघितलं तर हावडा ब्रिज, 1943 चा, नदीत एकही खांब नाही. पुलावरून बसने जाताना तो इतका मोठा वाटत नाही. कोलकात्यात एकच वाहन निवडायला सांगितलं तर मी लाँच निवडेन, तीही संध्याकाळची.

ट्रामचं म्हणाल तर कुठे पोचायचं असेल तर बसू नका. 1902 पासून विजेवर धावणाऱ्या या ट्रामचे आता अगदी मोजके मार्ग उरलेत. गरियाहाटहून एस्प्लनेडला निघालेली आमची ट्राम पार्क सर्कसला एका टेम्पोमागे अडकली आणि ड्रायव्हर पायाने घंटा वाजवत राहिला. टेम्पोवाला ढिम्म. मुंबईची ट्राम 1964 मध्ये बंद झाली. आई लहानपणी मामाकडे दादरला गेली की तीत बसायची, म्हणून हट्टाने शेवटपर्यंत बसून राहिली. मी मधेच उतरून दोघींसाठी काठी रोल घेऊन आले, आणि पुढच्या चौकाआधीच परत ट्राममध्ये चढले.