चौथी ओळ

"सर, कँटीनमध्ये बसलं की वायफाय लागत नाही. पासवर्ड चुकीचा म्हणतंय. बाहेर आलं की आपोआप लागतं."

सकाळी साडेदहाला एका मॅडमचा हा फोन आला. डिसेंबरचे दिवस, नाशिकची थंडी, कीबोर्डवर बोटं वळत नव्हती. गंगापूर रोडच्या बाजूला असलेल्या एका कॉलेजचं नेटवर्क मी सांभाळतो. अशा तक्रारी रोजच्याच, आणि कँटीनचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुरवणारा डबा, जुना आहे. तो बंद करून चालू केला की भागतं, म्हणून तेच करायला बसलो.

सवयीने आधी सर्व्हरचा लॉग उघडला. पासवर्ड चुकला असेल तर तिथे नकाराची नोंद हवी. मॅडमच्या नावापुढे एकही नकार नव्हता. फोन म्हणतोय पासवर्ड चुकला, आणि आमच्या सर्व्हरला कोणी काही विचारलेलंच नाही! मग त्यांना नाही म्हणतंय कोण?

आमचे सगळे ॲक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये परक्या ॲक्सेस पॉइंटची एक यादी असते. आजूबाजूच्या सोसायट्यांचे राउटर, मुलांचे हॉटस्पॉट, अशी दीड-दोनशे नावं. ती यादी मी कधी नीट वाचत नसे. त्या दिवशी वाचली. मधेच आमच्याच वायफायचं नाव. नाव आमचं, पण त्याचा हार्डवेअर पत्ता आमच्या एकाही यंत्राचा नव्हता. पोटात गोळा आला.

लॅपटॉप उघडाच हातावर धरून निघालो. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात; उणे आकडा शून्याकडे सरकेल तसं यंत्र जवळ. लायब्ररीपाशी उणे ८४. पार्किंगमध्ये उणे ७०. कँटीनच्या दारात उणे ५२. आत मिसळीच्या तर्रीचा वास आणि नेहमीचा गलका. खिडकीकडच्या शेवटच्या टेबलाशी आकडा उणे ३१ वर आला. तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा एकटाच बसला होता. समोरच्या चहावर साय धरली होती. बॅगेची चेन अर्धी उघडी, आणि त्या फटीतून वीतभर काळी अँटेना बाहेर आलेली.

"बॅग उघड."

"सर, प्रोजेक्टचं आहे."

"कोणाला विचारून?"

तो काही बोलला नाही. बॅगेतल्या लॅपटॉपवर एक फाइल उघडी होती. प्रत्येक ओळीत एक नाव आणि पुढे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ. ३७ नावं, बहुतेक शिक्षकांची. त्यांतल्या ११ नावांपुढे पासवर्ड स्वच्छ लिहिलेला. आडनाव, ॲट, एकदोनतीन. वाचताना माझ्या कानशिलांना घाम आला.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण मूळ दुखणं इथेच आहे. आमच्याकडे सगळ्यांना एकच वायफाय पासवर्ड नाही; प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड. फोन जोडला जाताना सर्व्हर आधी आपलं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, दाखवतो. ते कोणी दिलंय, कोणाच्या नावाचं आहे, हे फोनने तपासायचं आणि मगच पुढे बोलायचं. पुढे पासवर्ड उघडा जात नाही. सर्व्हर एक कोडं घालतो, फोन पासवर्ड वापरून त्याचं उत्तर काढून पाठवतो. या पद्धतीचं नाव एमएस-चॅप, तिची ही दुसरी आवृत्ती. पण ती कच्ची आहे. ते उत्तर (मुलाच्या फाइलमधली लांबलचक माळ त्याचीच) हाती लागलं तर डीईएस या जुन्या कूटपद्धतीची ५६ बिटांची एक किल्ली फोडण्याइतकंच काम उरतं, हे २०१२ साली डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत दाखवून झालंय. सोप्या पासवर्डला तेवढंही लागत नाही; नेहमीच्या शब्दांची यादी एकामागून एक लावून बघितली की काही मिनिटांत सापडतो. खोटा सर्व्हर फोनला शेवटी पटत नाही, जोडणी तुटते, म्हणून मॅडमना 'पासवर्ड चुकीचा' दिसत होतं. पण तोवर उत्तर देऊन झालेलं असतं. म्हणजे सगळी भिस्त त्या सर्टिफिकेटच्या तपासणीवर.

आणि ती तपासणी मीच बंद करायला सांगितली होती.

चार वर्षांपूर्वी प्रवेशाच्या गर्दीत मी एक ए-फोर कागद टाइप केला. वायफाय कसं जोडावं, सात ओळी. चौथी ओळ: सीए सर्टिफिकेट, 'डोन्ट व्हॅलिडेट' निवडा. म्हणजे सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासूच नका. शेकडो फोनमध्ये सर्टिफिकेट कोण घालत बसणार, म्हणून. २०२० च्या अखेरीस अँड्रॉइड ११ मधून तो पर्याय काढायला सुरुवात झाली. नवे फोन घेतलेले लोक माझ्याकडे येऊ लागले, "सर, तुमच्या कागदावरची ओळ फोनमध्ये नाहीच." तेव्हा मी वैतागलो होतो. ती ओळ का काढली असेल, हे शोधायला मला पाच मिनिटं पुरली असती.

प्राचार्यांच्या खोलीत दुपार गेली. सरांनी विचारलं, "म्हणजे पासवर्ड आपल्याच लोकांनी दिले?" मी मोबाइलचं उदाहरण दिलं. टूजीमध्ये टॉवर सिमला 'तू कोण' विचारतो, पण सिम टॉवरला काहीच विचारत नाही. म्हणून खोटा टॉवर उभा करता येतो. थ्रीजीपासून नेटवर्कलाही सिद्ध करावं लागतं, की सिममधली १२८ बिटांची गुप्त किल्ली त्याच्याकडेही आहे. फोरजी-फाइव्हजीत हेच पुढे चाललं. आपले फोन मात्र समोरच्याला न विचारताच उत्तर देत होते.

मुलाने एका मॅडमच्या खात्यात रात्री शिरून स्वतःचे इंटर्नलचे मार्क पाहिले होते. बदलले नव्हते, लॉगवरून ते नक्की झालं. कोणी म्हणालं, नुसते पाहिले तर काय बिघडलं? मला हे मान्य नाही. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. प्रकरण शेवटी कॉलेजच्या समितीतच राहिलं. त्याला एक सेमिस्टर घरी बसावं लागलं. समितीला दिलेल्या अहवालात चौथी ओळ माझी होती हेही मी लेखी दिलं.

त्या रात्री आधी ३७ जणांचे पासवर्ड बदलले, मग सगळ्यांचे. पुढचे तीन दिवस लॉबीत टेबल टाकून बसलो. ज्याचा त्याचा फोन हातात घ्यायचा, जुनं वायफाय पुसायचं, सर्टिफिकेट घालायचं, सर्व्हरचं डोमेन टाकायचं. कँटीनच्या तक्रारीवाल्या मॅडम पहिल्याच आल्या. "हे डोमेन म्हणजे काय लिहायचं?" मी अक्षर अक्षर सांगितलं, त्यांनी स्वतः टाइप केलं आणि कागदावर उतरवूनही घेतलं.

आठवड्याभराने होस्टेलच्या मेसमध्ये गेलो तर पाण्याच्या टाकीवर तो जुना कागद अजून चिकटलेला. पिवळा पडलेला, कोपरे भिजून फुगलेले. पहिल्या वर्षाचा एक मुलगा मोबाइल वर धरून त्याचा फोटो काढत होता. कागद ओढला तर अर्धाच हातात आला. चौथी ओळ टाकीवरच राहिली. त्याच्याकडून चमचा मागून घेतला आणि ती खरवडून काढली.