चंद्रा खोऱ्यातला बर्फ आणि जावक क्रमांक

लातूरच्या एप्रिलात बसून हिमाचलच्या लाहौलमधला बर्फ मोजता येतो. सही मात्र मिळत नाही.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी चंद्रा नदीचं खोरं घेतलं. मोडिस या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याची रोजची बर्फाची चित्रं २००० सालापासून फुकट आहेत. गूगल अर्थ इंजिनवर सगळं ब्राउझरमध्येच होतं, त्यामुळे जुनाट लॅपटॉपही पुरतो. दर वर्षी बर्फ कोणत्या आठवड्यात उतरतो ते काढत गेलो.

मग सर म्हणाले, "बर्फ वितळला, पण नदीत पाणी किती आलं?" चंद्रा पुढे भागा नदीला मिळून चिनाब होते, म्हणजे सिंधू खोरं. तिथल्या प्रवाहाची आकडेवारी खुली नाही, रीतसर मागावी लागते. त्यासाठी कॉलेजचं पत्र हवं.

ऑफिसात पहिला प्रश्न आला, "आपल्याकडं बर्फ कुठाय? मांजरा धरण घे की!" साहेब मीटिंगला. साहेब आले तर शिक्का कपाटात, कपाटाची चावी ज्यांच्याकडं ते रजेवर. सही झाली तेव्हा कळलं, 'विषय' ओळीत विभागाचं नाव नाही, पत्र नव्याने टाइप करा. परत तीच रांग. जावक क्रमांक पडला त्या दिवशी मी कँटीनमध्ये मित्रांना चहा पाजला, इतका आनंद! नंतर चौकशी केली तर पत्र "वरून मान्यता" म्हणून दुसऱ्याच टेबलावर पडून. तिथले भाऊ म्हणाले, "गेलं असंल की." गेलेलं नव्हतं. शेवटी सरांनीच प्रवाहाचा भाग वगळायला सांगितलं. माझं मत विचाराल तर असं पत्र विषय ठरायच्या आधीच टाकून ठेवावं, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

बाकी, चित्रांतल्या ढगांना घाबरू नका. बर्फ हिरव्या प्रकाशाच्या पट्ट्यात चमकतो आणि लघुतरंग अवरक्तात (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात) काळा पडतो, ढग बहुतेक वेळा दोन्हींत उजळ राहतात. यावरूनच बर्फाचा निर्देशांक निघतो, ०.४ च्या वर गेला की बर्फ धरतात. पण लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांत ऑगस्टमध्ये चंद्रतालच्या जागी बर्फ दिसला तर हुरळू नका, ते तळ्याचं पाणी आहे. जवळच्या अवरक्त पट्ट्याची अट जोडली की ते गळतं.

हां, एक राहिलंच. लँडसॅट ७ ची मे २००३ नंतरची चित्रं पट्टेरी येतात, कारण त्याचं एक यंत्र तेव्हा बिघडलं. आपला कोड तपासत रात्र घालवू नका.