कापणं सोपं, काढणं अवघड

ट्रिफाइन म्हणजे टोकाला दाते असलेली स्टीलची नळी. हाताने फिरवत हाडात घातली की आत हाडाचा गोल तुकडा, म्हणजे कोर, सुटा होत जातो. ड्रॉइंग पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न हमखास दात्यांवर येतो: किती आहेत, कोन काय ठेवलाय, धार किती टिकते. बोन ग्राफ्ट, म्हणजे एका जागेचं काढून दुसरीकडे बसवायचं हाड, काढायची अवजारं डिझाइन करणं हे माझं काम. त्यात माझा सर्वात जास्त वेळ जातो तो दात्यांच्या मागे, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे.

नळी हवी तितकी खोल गेली, तरी कोर बुडाशी हाडाला चिकटलेलाच असतो. सर्जन नळी गोल फिरवतात, थोडी डोलवतात, तेव्हा कुठे तो तुटतो. नळीचं तोंड आणि आतली पोकळी एकाच मापाची ठेवली तर कोर कधी हाडातच राहतो, कधी नळीत असा रुतून बसतो की निघता निघत नाही. म्हणून तोंड किंचित अरुंद आणि मागची पोकळी किंचित मोठी ठेवायची. कोर आत मोकळा राहतो आणि नळी ओढताना तोंडाची कड त्याला धरून ठेवते. बोन मॅरोचा (अस्थिमज्जेचा) नमुना घ्यायच्या जमशिदी सुईचं टोक निमुळतं असतं, ते यासाठीच. हा 'किंचित' म्हणजे किती, यावर मी आजवर जेवढी डोकेफोड केली आहे तेवढी दुसऱ्या कुठल्याही मापावर केलेली नाही. तोंड जास्त आवळलं तर हाड चेपतं. सैल सोडलं तर नळी रिकामी येते.

आणि असा कोर मागून पुढे ढकलायचा नसतो. तसं केलं की तो अरुंद तोंडातून पिळवटून बाहेर येतो, त्याच्या आतली हाडाची नाजूक जाळी मोडते. रॉड पुढून घालायचा आणि कोर मागच्या बाजूने काढायचा. त्यासाठी हँडलसुद्धा आरपार मोकळं लागतं. एका ऑपरेशनला मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभी होते. तिथल्या ट्रिफाइनचं हँडल मागून बंद होतं. सिस्टर एका बारीक पिनेने कोर टोकरून काढत होत्या आणि बाउलमध्ये पडत होता तो चुरा. सर्जन शांतपणे थांबले होते, पण त्या हाडाला वाट पाहायला वेळ नव्हता.

कारण ते जिवंत असतं. रुग्णाच्या स्वतःच्या हाडाला आजही तोड नाही ती यामुळेच. त्यात हाड तयार करणाऱ्या पेशी असतात, आजूबाजूच्या पेशींना हाड बनवायला लावणारी प्रथिनं असतात आणि नव्या हाडाने ज्यावर पसरावं अशी जाळीही असते. यातली प्रथिनांची गोष्ट मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवून दिली. खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं, तर तिथेही नवं हाड उगवतं. प्रथिनं आणि जाळी मेलेल्या हाडातूनही मिळू शकतात, पेशी मात्र नाही. ओटीच्या दिव्याखाली तुकडे उघडे पडले की पेशी सुकतात, म्हणून रक्ताने ओल्या गॉजमध्ये झाकून ठेवतात. उष्णतेने तर त्या फार लवकर मरतात. एरिकसन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ साली सशांवर केलेल्या प्रयोगांपासून ४७ अंश सेल्सिअस आणि एक मिनिट ही मर्यादा धरली जाते. मोटरवर फिरणारं बोथट पातं सलाइन न सोडता चालवलं तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. म्हणून लहान ग्राफ्टसाठी मी हाताने फिरवायच्या नळीच्या बाजूची आहे.

मोटरशी माझं वैर मुळीच नाही. १९११ साली फ्रेड ॲल्बी यांनी मणक्यांच्या क्षयासाठी टिबियाचा (नडगीच्या हाडाचा) तुकडा पाठीच्या कण्यात बसवण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी दोन समांतर पात्यांची विजेवर चालणारी करवत वापरली. पात्यांमधलं अंतर एकदा लावलं की एका हाडात खाच आणि दुसऱ्यातून तिच्या मापाची पट्टी, दोन्ही तंतोतंत. इतक्या वर्षांनंतरही मला ते डिझाइन फार देखणं वाटतं. अलीकडचं उदाहरण रीमर-इरिगेटर-ॲस्पिरेटरचं, म्हणजे हाड आतून कोरत, सलाइन सोडत, सुटलेलं सगळं ओढून घेणाऱ्या अवजाराचं. मांडीच्या हाडाची पोकळी रीम करताना, म्हणजे कोरून रुंद करताना, आतला दाब वाढू नये, चरबी रक्तात जाऊ नये म्हणून ते बनलं. मग लक्षात आलं की फिल्टरमध्ये साठतो तो उत्तम ग्राफ्ट आहे. मोठी पोकळी भरायची असेल तर त्याला पर्याय शोधणं कठीण. पण रक्तस्राव आणि हाडाची भिंत पातळ होणं, हे धोके तिथे आहेत.

कमरेच्या हाडावरून ग्राफ्ट घेताना दुसरी काळजी असते ती डोनर साइटची. मूळ दुखणं बरं होतं आणि जिथून हाड घेतलं ती जागा महिनोन्‌महिने ठणकत राहते, असे रुग्ण भेटतात. समोरच्या टोकाजवळून मांडीच्या बाहेरच्या बाजूला संवेदना देणारी नस जाते, म्हणून छेद त्या टोकाच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे सुरू करतात. टोकाच्या फार जवळचं हाड काढलं तर तिथला तुकडाच स्नायूंच्या ओढीने निखळू शकतो. साधारण पाच सेंटिमीटर मागे इलियाक क्रेस्ट, म्हणजे कमरेच्या हाडाची वरची कड, रुंद होते, तिथे ट्रिफाइनला जागा मिळते. पण तिथेही नळी दोन कॉर्टेक्सच्या, म्हणजे हाडाच्या कठीण भिंतींच्या, मधून सरळच जायला हवी. तिरकी गेली तर आतली भिंत फुटते, आणि त्यापलीकडे पोट आहे. म्हणून मी नळीसोबत बाहेरची स्लीव्ह देते. तिच्या टोकाला क्रेस्टवर रुतणारे छोटे दाते असतात आणि मागे खोलीचा स्टॉप. स्टॉप नुसती रेघ मारलेला नको, अडणाराच हवा. रक्ताने माखलेल्या नळीवरची रेघ कोण वाचणार?

चाचणी पॉलियुरेथेन फोमच्या ठोकळ्यावर होते. दर ठोकळ्याची घनता ठरलेली असल्याने किती जोर लागतो ते मोजता येतं. पण फोम कोरडा असतो. खऱ्या हाडात मॅरोची चरबी असते, ती नळीच्या आत पसरते, ग्लोव्हजवर येते आणि हँडल हातातून निसटू लागतं. त्यामुळे हँडल पकडून पाहताना ग्लोव्हज घालायचे आणि त्यांना तेल लावायचं, असा आमच्याकडे नियमच आहे. गुळगुळीत, चकचकीत हँडल तिथेच बाद होतात.

शेवटचा मुद्दा सफाईचा. बैठकीत तो नेहमी वेळ संपताना निघतो याचा मला राग येतो. आतल्या कोपऱ्यात हाडाचा कण वाळून बसला तर १३४ अंशांचा ऑटोक्लेव्हही त्याची भरपाई करत नाही, कारण आधी साफ झालं नसेल तर निर्जंतुकीकरणाचा भरवसा देता येत नाही. म्हणून माझ्या ड्रॉइंगमध्ये बंद टोकाचं भोक नसतं. ब्रश एका बाजूने जाऊन दुसरीकडून बाहेर दिसला पाहिजे, आणि स्लीव्ह, नळी, रॉड हे तिन्ही भाग पान्याशिवाय सुटे झाले पाहिजेत. सध्याच्या नमुन्यात स्टॉपच्या स्क्रूखाली एक अरुंद फट उरते. ती जाईपर्यंत मी त्यावर सही करणार नाही.